मूळ आणि हल्ली

नृसिंहवाडीच्या जुन्या घरांत जपायची वस्तू खालच्या मजल्यावर ठेवत नाहीत. कृष्णा आणि पंचगंगा जिथे भेटतात, तिथलं हे गाव. पावसाळ्यात नदी देवळात येते, आणि 2005, 2019, 2021 सारख्या सालांत ती देवळापाशी थांबत नाही, घराघरांत शिरते. आमच्या उपाध्यांच्या सोप्यात 2019च्या पाण्याची रेघ अजून भिंतीवर आहे. मी शेजारी उभा राहिलो तर ती माझ्या खांद्याच्या वर येते. त्यामुळे त्यांच्याकडची पत्र्याची पेटी बाराही महिने माळ्यावर असते.

गेल्या माघात, गुरुप्रतिपदेची गर्दी ओसरल्यावर, ती पेटी आमच्यासाठी खाली आली. आत लाल खारव्यात बांधलेल्या वह्या होत्या आणि मधूनमधून वेखंडाच्या पुरचुंड्या. लांबट हातकागद, वरच्या कडेला शिवण, बोरूची काळी शाई. काही पानं कसरीनं चाळणीसारखी झालेली, तरी अक्षर ठसठशीत. उपाध्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि गावाचं नाव विचारलं. माणसाचं नंतर. या वह्या गावावर लागतात, गावात आडनावावर.

माझ्याबरोबर माझी पुतणी होती आणि तिची बारा वर्षांची मुलगी. पुतणी न्यू जर्सीत राहते. तिला वीस वर्षं झाली तिकडे. ती आली होती एकाच कामासाठी : आमच्या घराण्यातला माझ्या पणजोबांचा बाप कोण, कुठला, आणि तो इथे का आला, हे शोधायला.

अर्ध्या तासात तो सापडला. शके 1798, धाता नाम संवत्सर, माघ वद्य. म्हणजे 1877च्या जानेवारीची अखेर किंवा त्याच्या पुढचे दिवस. त्याचं नाव, दोन भावांची नावं, तीन मुलांची नावं. आणि पुढे दोन शब्द, ज्यांनी त्या दिवसापासून माझा पिच्छा पुरवला आहे. मूळ : अथणीकडचं एक गाव. हल्ली : आमचं शिरोळ तालुक्यातलं गाव.

पुतणीनं मोडीतली ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, “काका, भाऊ आहेत, पोरं आहेत. ह्याची बायको कुठाय?”

उपाध्ये काही बोलले नाहीत. मीही नाही. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना झाला.

*

पुतणीला हा नाद लागला तो सासरकडून. आमचे जावई अमेरिकन. त्यांच्या पणज्याच्या बापाचा पत्ता त्यांनी घरी बसल्या बसल्या, एका संध्याकाळी काढला. 1850 च्या जनगणनेच्या पानावर तो माणूस नावानिशी होता : वय, धंदा, कोणत्या राज्यात जन्मला. त्याच्याखाली बायकोचं नाव, तिचंही वय आणि जन्मस्थान. त्याखाली मुलं, ओळीनं, मुलगे आणि मुली दोन्ही.

अमेरिकेत 1790 पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. पण पहिली सहा दशकं कागदावर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बाकीची माणसं म्हणजे रकान्यातले आकडे : इतक्या वयाच्या आतले इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. 1850 ला हे बदललं आणि प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं. नाव लिहून झालेले हे कागद बहात्तर वर्षं कुलुपात राहतात आणि मग सगळ्यांसाठी खुले होतात. 1950 ची जनगणना 2022 साली अशीच उघडली. 1890 चे कागद मात्र जवळजवळ सगळे गेले. 1921 मध्ये वॉशिंग्टनला सरकारी इमारतीच्या तळघरात आग लागली, आणि एका पिढीची नोंद तिच्यात सापडली.

ही व्यवस्था पाहून हेवा वाटतो. पण ‘स्वतंत्र माणूस’ या शब्दांपाशी थांबावं लागतं. 1850 आणि 1860 ला गुलामांची गणना वेगळ्या कागदावर झाली. तिथे मालकाचं नाव होतं, आणि गुलामांचं वय, लिंग, रंग. नाव नाही. गुलामगिरी संपल्यावर, 1870 च्या जनगणनेत, ती माणसं पहिल्यांदा नावानं कागदावर आली. त्यामुळे आजही एखादं काळं अमेरिकन कुटुंब आपला पूर्वज शोधत मागे मागे जातं, तेव्हा बहुतेक वेळा 1870 पाशी येऊन थबकतं. त्याच्या मागे माणूस होता, पण कागदाच्या लेखी तो नुसता आकडा होता.

मला आमच्या वहीतली ती ओळ आठवली. आपल्याकडे अशी भिंत वेगळ्या जागी आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात आहे.

*

आपल्या देशाची पहिली जनगणना 1872 च्या सुमारास झाली आणि सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली 1881 ला. त्यांचे आकडे ग्रंथांत आहेत, पण घरोघरच्या माणसांची नावं तुम्हाआम्हाला पाहायला मिळत नाहीत. म्हणून आपल्या माणसाचा माग काढायचा तर तो दुसऱ्या कागदांतून.

हे कागद कोणते, ते 2023 साली साऱ्या महाराष्ट्राला तोंडपाठ झालं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांत वर्षानुवर्षं न हललेले गठ्ठे हलले. मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. घरोघरची पोरं आपल्या पणज्याचं नाव विचारू लागली. त्यामागचं कारण आरक्षणाचं होतं, आणि त्यावर मतं अनेक असतील. मला त्यातली एकच गोष्ट इथे सांगायची आहे : आपल्या खापरपणज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, हे लाखो घरांना एकाच वेळी कळलं.

आमचा शोध याच वाटेनं गेला. आधी गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात आजोबा होते, बापाच्या नावासह, जातीसह. मग गाव नमुना नंबर 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. त्यात पणजोबांचा मृत्यू निघाला : तारीख, बापाचं नाव, आजार. आजाराच्या रकान्यात ‘ताप’ एवढंच. शेवटी जमिनीचे फेरफार. सातबारा आज कोणाचा हे सांगतो. तो त्याच्याकडे कसा आला हे फेरफार सांगतो. ‘अमका मयत, वारस अमके’ अशी एक ओळ हाती आली की एक पिढी मागे जाता येतं.

फेरफारांच्या त्या जुन्या ओळींत मी बायका शोधल्या. विधवा आली ती ‘मयताची बायको’ म्हणून, पोरांच्या नावाखाली. मुली बहुतेक ठिकाणी नव्हत्याच. अलीकडच्या फेरफारांत त्या दिसतात, पण कधी? हक्कसोड पत्र करताना. बहिणीचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा येतं आणि त्याच कागदानं ते जमिनीवरून जातं. महाराष्ट्रानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, देशानं 2005 साली. तालुक्याच्या कचेरीत तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसलं की या कायद्यांआधी काय होतं ते पानापानावर दिसतं.

शाळेच्या रजिस्टरात आईचं नाव नव्हतं. कोतवाल बुकात पणजोबांच्या आईचं नाव नव्हतं. पुतणी संध्याकाळी घरी आली, पाय धुतले, आणि माझ्या बायकोला म्हणाली, “काकू, मी तीन दिवसांत सतरा पुरुष शोधले.”

*

ब्राह्मण घरांना, विशेषतः चित्पावनांना, कुलवृत्तान्ताची परंपरा आहे. विसाव्या शतकात अनेक आडनावांनी आपापले जाडजूड ग्रंथ छापले. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तर 1968 साली या ग्रंथांच्या आधारे महाराष्ट्रातल्या सामाजिक बदलावर निबंध लिहिला. शेतकऱ्याच्या घरी असा ग्रंथ नसतो. पण आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरी हेळवी येतो.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात मराठा, लिंगायत, जैन घरांत हेळव्याला ओळखत नाही असा म्हातारा माणूस सापडणार नाही. हेळवी ही वंशावळ सांगणारी जमात. मूळ कर्नाटकातली. सुगी झाल्यावर बैल घेऊन यायची, घरापुढे उभं राहून त्या घराच्या पिढ्या म्हणायची. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पांगळा; त्यांचा मूळ पुरुष पांगळा होता आणि बैलावर बसून फिरायचा, असं ते सांगतात. प्रत्येक हेळव्याची घरं ठरलेली. कोणाला मुलगा झाला, कोण गेलं, कोण गाव सोडून कुठे गेलं, हे तो विचारून घेतो आणि आपल्या वहीत चढवतो. त्याबद्दल धान्य, कापड, पैसे. लग्न जमवताना सोयरीक कुठली, कूळ कोणतं, यावर त्याचा शब्द चालायचा.

आमच्या घरचा हेळवी आता मोटारसायकलवर येतो. त्याला फोन केला, तो चिकोडीहून आला. ओसरीवर बसला, चहा घेतला, आणि वही न उघडता म्हणायला लागला. त्याचा एक ठरलेला ताल आहे, अर्धा मराठी, अर्धा कन्नड, आणि त्या तालात नावं एकामागून एक येतात, जशी मोटेची चाकं फिरावीत तशी. अथणीकडचं गाव त्यानं बरोबर सांगितलं. दुष्काळात तीन भाऊ निघाले, म्हणाला. एक वाटेत राहिला, दोघं नदीकाठी आले.

दुष्काळ 1876 चा. त्या सालच्या पावसानं दगा दिला, आणि विजापूर, सोलापूर, बेळगावच्या पूर्वेकडचा मुलूख कोरडा पडला. दिल्लीत 1 जानेवारी 1877 ला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला, तेव्हा इकडे माणसं रस्त्यानं पाण्याच्या दिशेनं चालत होती. रेल्वे नव्हती, मिरजेहून कोल्हापूरला गाडी धावली ती 1891 ला. आमचा माणूस त्या जानेवारीच्या अखेरीस किंवा लगेच पुढे नृसिंहवाडीत होता, भावासह, मुलांसह. हेळव्याचं गाणं आणि उपाध्यांची ओळ इथे एकमेकांना भेटली. मुलांमध्ये धाकटा, म्हणजे आमचा पणजा, तेव्हा कडेवरचा असणार. ते मूल चालत आलं नाही. कोणीतरी त्याला उचलून आणलं.

मी हेळव्याला विचारलं, त्याची आई कोण?

तो बोलायचा थांबला. “बाईमाणसाचं आम्ही ठेवत नाही, अण्णा,” तो म्हणाला. “कुठल्या घरची ते कधी कधी असतं. तुमचं नाही.”

*

त्या आठवड्यात पुतणीनं मला एक फोटो दाखवला. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी नावाचं गाव आहे, तिच्या घरापासून दोनेक तासांवर. तिथल्या दफनभूमीत एका अमेरिकन कुटुंबाच्या जागेत एक शिळा आहे, डॉक्टर आनंदीबाई जोशींची. ती तिथे मुलीला घेऊन गेली होती.

आनंदीबाई 1887 च्या 26 फेब्रुवारीला पुण्यात वारल्या, बाविशीही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत आहेत, त्याची गोष्ट कोल्हापुरातून सुरू होते. 1878 साली गोपाळराव जोशी पोस्टातल्या नोकरीवर कोल्हापुरात होते. बायकोला शिकवायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. कोल्हापुरात 1852 पासून अमेरिकन मिशनचं काम करून मायदेशी परतलेले रॉयल वायल्डर यांच्या मासिकात तो छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना ते मासिक त्यांच्या हाती पडलं. त्यांनी पत्र धाडलं. पुढचं आपल्याला ठाऊक आहे : 1883 चा प्रवास, फिलाडेल्फियाचं महिला वैद्यक महाविद्यालय, 11 मार्च 1886 ची पदवी, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर झालेली नेमणूक, आणि ती जागा न पाहताच आलेलं मरण.

गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या. त्यांनी त्या आपल्या घरच्या माणसांत ठेवल्या. त्यामुळे एका अमेरिकन घराण्याचा शोध घेणारा कोणी त्या जागेत गेला, तर त्याला आपल्या पणज्यांच्या ओळीत एक मराठी नाव भेटतं. शिळेवर नाव आहे, पदवी आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी ओळख आहे.

पण तेही लग्नानंतरचं नाव. कल्याणला जन्मलेली ती मुलगी यमुना होती. आपण हे जाणतो, कारण तिचं चरित्र लिहिलं गेलं, आणि ते लिहिणाऱ्यांत काशीबाई कानिटकर होत्या. ज्यांचं कोणी लिहिलं नाही, त्यांचं माहेरचं नाव मांडवातच राहिलं.

*

आठ दिवसांनी उपाध्यांचा फोन आला. “या एकदा,” एवढंच म्हणाले.

या वेळी समोर दुसरी वही होती. यात्रेकरूंची नव्हे, तीर्थश्राद्धाची. आमच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांनाही नावानं बोलावतात. बायकांच्या नावापुढे ‘दा’ लावतात. आणि बापाकडच्यांचं झालं की आईकडचे येतात : आईचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप, सपत्नीक. पिंड द्यायचा तर नाव हवं, आणि यजमानाला ऐनवेळी आठवत नाही, म्हणून उपाध्ये ती लिहून ठेवतात.

“जमिनीला बाई लागली नाही,” उपाध्ये म्हणाले, “पण पिंडाला लागते.”

शके 1833, विरोधकृत् नाम संवत्सर. म्हणजे 1911 किंवा 1912. आमचा पणजा आईच्या अस्थी घेऊन संगमावर आला होता. कडेवरचं ते मूल आता पस्तिशी उलटलेला बाप्या होता. ‘माता’ या शब्दापुढे तिचं नाव होतं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, ओळ आधी आखून अक्षरं तिला टांगलेली असतात. चुकीचं वाचायला वाव फार. आम्ही ती तीन अक्षरं भिंग धरून तपासली. पुतणीच्या मुलीनं ती आपल्या वहीत तशीच काढून घेतली, वळणासकट.

ते नाव आता आमच्या घरचं झालं आहे, म्हणून छापत नाही. एवढं सांगतो की ते एका नदीचं आहे.

खाली मातामह होता, तिचा बाप. त्याचं गाव कृष्णेच्या पलीकडचं, अथणीच्या वाटेवरचं. म्हणजे दुष्काळात ती नवऱ्यामागून परमुलखात आली असं आम्ही धरून चाललो होतो, ते खरं नसावं. माणसं तिच्या माहेराच्या दिशेनं चालत आली असावीत. तीन भाऊ निघाले, असं हेळव्याच्या गाण्यात आहे. कुठे जायचं हे कोणाला माहीत होतं, ते गाण्यात नाही. वहीतल्या एका शब्दानं आमच्या घराण्याचं स्थलांतर उलटं फिरवलं. म्हणूनच बायकांची नावं नसलेली वंशावळ अपुरी म्हणून भागत नाही. ती चुकीची असते.

*

श्राद्धात तीन पिढ्यांनाच नाव असतं. बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप. चौथी पिढी नावानिशी बोलावली जात नाही. तिच्या वाट्याला पिंड देताना हाताला चिकटलेला लेप. शास्त्रानं आठवणीचा हा भार तीन पिढ्यांवर ठेवला, कारण माणसाला तेवढंच झेपतं. त्यापुढचं काम कागदाचं आहे. आणि कागद इथे दर काही वर्षांनी पाण्यात जातो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेनं 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं चित्रण केलं. आमच्या दारातल्या वह्या, हेळव्यांचे गठ्ठे, कोतवाल बुकं यांचेही फोटो आपणच काढायला हवेत, पुढचा पूर यायच्या आत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावात आईचं नाव आधी येतं, मग बापाचं, मग आडनाव. शंभर वर्षांनी कोणी शोधायला बसेल तेव्हा त्याला ही भिंत लागणार नाही. पण 2024 च्या मागच्या सगळ्या बाया अजून आपल्या आठवणीवर आहेत. दिवाळीत घर भरलेलं असतं. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि तिला विचारा : तुमचं माहेरचं नाव काय, तुमच्या आईचं काय, तिच्या आईचं काय? तिसऱ्या प्रश्नाला ती क्षणभर गप्प होईल. तेव्हा उठू नका. नाव येईल, ते लिहून घ्या, गावासकट.

निघताना उपाध्यांनी चालू वही काढली आणि नेहमीच्या सवयीनं मला विचारून माझं, माझ्या भावाचं, मुलांचं नाव लिहिलं. मग पेन थांबलं. त्यांनी पुतणीकडे पाहिलं. तिनं आपलं नाव सांगितलं, मग आईचं, आजीचं, आणि शेवटी ते नदीचं. त्यांनी एकाखाली एक सगळी लिहिली, काही न बोलता. तिच्या मुलीनं स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, देवनागरीत, थोडं वाकडं.

पुढे त्यांनी नेहमीचे दोन शब्द घातले. हल्लीपुढे न्यू जर्सी. मूळपुढे काय लिहायचं, हे त्यांनी त्या मुलीलाच विचारलं. तिनं आमच्या गावाचं नाव घेतलं नाही, अथणीकडच्याही नाही. तिनं मातामहाच्या त्या गावाचं नाव सांगितलं, जिथून ती नदीच्या नावाची बाई आली होती. उपाध्यांनी शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं, मग वही खारव्यात बांधली आणि पेटी पुन्हा माळ्यावर चढवली.